समासातली हिरवी शाई

भाईंदर (प.), ९ नोव्हेंबर १९९४

संपदा,

हे पत्र मनोरमा तुझ्यापर्यंत पोहोचवेल, म्हणजे तिच्या मनात आलं तर. सख्खी धाकटी बहीण माझी, पण गेली पावणेदोन वर्षं ती माझ्याशी सरकारी प्रवक्त्यासारखी बोलतेय. तू कुठे राहतेस असं विचारलं की "बरी आहे" म्हणते. संचिताचं विचारलं की "शाळेत जाते." चौतीस वर्षं परराष्ट्र खात्यात घासून मी जे शिकले, ते ही शाळेतली बाई भाईंदरमध्ये बसून शिकली.

काल तुझे वकील येऊन गेले. अभिनव पाठारे. वयाने तरुण आहेत, बूट दाराबाहेर काढून आले, चहा मात्र घेतला नाही. त्यांच्याकडून कळलं की नीरजने ठाण्याच्या कोर्टात संचिताचा ताबा मागितलाय. मुलगी पाच वर्षांची झाली, आता कायद्याने पालक बापच, असं त्याचं म्हणणं. तुझ्यापाशी धड नोकरी नाही, स्वतःचं घर नाही, आणि तो मारायचा हे सांगायला एकही साक्षीदार नाही. डॉक्टरचा कागद नाही, पोलिसांत तक्रार नाही. आहे ते एकच, तू १९८८ साली मला अंकाराला लिहिलेलं पत्र. पाठारे म्हणाले, "संपदाताई म्हणतात, आई कागद कधी टाकत नाही."

पत्र मला सापडत नाहीये. तू विश्वास ठेवणार नाहीस, पण तेव्हापासून दोन बदल्या झाल्या, प्रत्येक बदलीत ट्रंका बोटीने आल्या, एक तर मुंबई बंदरात चार महिने पडून होती. त्यात इथली दमट हवा. साठ फुटी रस्त्यावरच्या या इमारतीला अजून दहा वर्षं झाली नाहीत, पण कपाटामागे वाळवी आहे.

पत्र मिळालं होतं हे मी नाकारत नाही. तेव्हा मी सुट्टी मागितली होती आणि ती मिळाली नाही, हे तुला कळवलंही होतं. परक्या देशात दूतावासातली दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी उठून चालू पडू शकत नाही.

मी शपथपत्र करून देते. मला लिहिता येतं, एवढं तरी तू मान्य करशील. चांगलं खणखणीत लिहीन. संचिता त्या माणसाकडे जाता कामा नये, याबद्दल आपल्या दोघींत दुमत नाही.

आई

भाईंदर, २२ नोव्हेंबर १९९४

संपदा,

तू उत्तर दिलं नाहीस. ते अपेक्षितच होतं. आज लिहायचं कारण वेगळं आहे.

पाठारे पुन्हा आले होते. नीरजच्या वकिलाने कोर्टात १९८९ सालचा एक दिवाळी अंक दाखल केलाय. त्यात माझी कथा आहे. तुला माहीत आहे कोणती. नवरा बायकोला मारण्याआधी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो, ती. त्या कथेला बक्षीस मिळालं होतं, परीक्षकांनी नेमकं तेच वाक्य उचलून धरलं होतं आणि मी स्टेजवर जाऊन शाल घेतली होती.

आणि तुझ्या शपथपत्रात शब्दाला शब्द तेच वाक्य आहे. तो वकील आता म्हणतो, बाईसाहेब लेखिका आहेत, मुलीने आईच्या कथेतला नवरा उचलून आमच्या अशिलाच्या अंगाला चिकटवला. यात खरं काहीच नाही, सगळं छापील आहे. पाठारे सांगत होते, जज्जसाहेबांनी तो अंक उलटापालटा करून पाहिला आणि पुढची तारीख दिली. तारीख देताना जज्जसाहेब तुझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती पाठाऱ्यांना आवडली नाही.

मी दोन दिवस विचार केला. एक मार्ग दिसतो. तू शपथपत्रातलं ते वाक्य काढून टाक. नुसतं "मारहाण करत असे" लिही. मग कथेचा संबंधच उरत नाही. पाठाऱ्यांना मी हे सुचवलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, ते वाक्य खरं आहे ना? मग त्या का काढतील?" मी म्हटलं, खरं असलं तरी गैरसोयीचं आहे. असं मी त्या मुलाला म्हटलं, माझ्याच घरात बसून. ते गेल्यावर माझी मलाच लाज वाटली, आणि तरीही तुला तेच लिहितेय. वाक्य काढ, संपदा. पोर हातची जाईल.

मी पत्र अजून शोधतेय.

आई

भाईंदर, ३ डिसेंबर १९९४

संपदा,

सापडलं. पुस्तकांच्या ट्रंकेत, तळाला. परवा झेरॉक्स काढली, ती सोबत आहे. पाठाऱ्यांनाही एक दिली.

काल मी राई गावात आले होते हे तुला ठाऊक आहे, तू आतच होतीस. पत्ता कोर्टाच्या कागदावर मिळाला. इतके महिने मी समजत होते की तू पुण्याकडे कुठेतरी असशील किंवा रत्नागिरीला, आणि तू माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर. मी बाजारात जाते त्याच रस्त्याने तुझी बस जाते. कदाचित खिडकीतून तू मला पाहिलंही असशील.

घर विचारत विचारत आले. मिठागराच्या बाजूची गल्ली, पुढे बोळ. तुझी घरमालकीण ओट्यावर बसून जाळं सांधत होती. नाव सरूबाई म्हणाली. मी म्हटलं, संपदाला सांगा आई आलीय. ती आत गेली, बऱ्याच वेळाने आली, माझ्याकडे नीट न पाहता म्हणाली, "हाय ती घरान. पन तिला भेटाचं न्हाय तुमाला." मग तिलाच वाईट वाटलं असावं. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. म्हणाली, "पोर शालंत गेलीय. चांगली हाय. तुमच्यावानीच नाक हाय तिचं."

मी अर्धा तास त्या पाटावर बसून होते. दाराला जुन्या साडीचा पडदा होता आणि त्याच्या मागे तू चालत होतीस, तुझे पाय दिसत होते. मी अंकारात मंत्र्यांच्या दालनाबाहेर तीन-तीन तास बसलेय, तेव्हा कधी पाणी प्यावंसं वाटलं नाही. काल सरूबाईकडे तीन पेले प्यायले.

झेरॉक्स पडद्याखालून आत सरकवावी असं मनात आलं. पण ते बरं दिसलं नसतं. म्हणून मनोरमेकडे देतेय. आता तरी माझ्याशी बोल. पत्र दिलं आहे.

आई

भाईंदर, १२ डिसेंबर १९९४

संपदा,

हे पत्र मोठं होणार आहे. फाडायचं असलं तर आत्ताच फाड.

आज दुपारी मनोरमा आली. हातात मी दिलेली झेरॉक्स होती. पाठाऱ्यांनी तिला सांगितलं होतं की हा कागद कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही, कारण त्यावर तारीखच नाही. तुला लहानपणापासून सवय, पत्रावर नुसता वार लिहितेस. "मंगळवार" म्हणून सुरू केलंस, तो कुठल्या सालचा मंगळवार ते कोण सांगणार? नीरजचा वकील म्हणेल, कथा वाचून गेल्या आठवड्यात लिहिलं. पाकीटही नाही. पाकिटं मी टाकते, तिकिटं दूतावासातल्या मुलांना देत असे.

मनोरमा माझ्यासमोर बसली, झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि डाव्या बाजूवर बोट ठेवलं. "ताई, इथे पांढरी पट्टी का आहे?"

मी म्हटलं, झेरॉक्सवाल्याने नीट काढली नसेल.

तर ती म्हणाली, "संपदाने मला सगळं सांगितलंय. ज्या दिवशी ती तुझ्या घरातून निघाली त्याच दिवशी. तू काय लिहिलंयस ते मला पाठ आहे. कधी देतेस ते बघत होते."

म्हणजे इतके महिने ती "बरी आहे", "शाळेत जाते" म्हणत होती ते मला वेळ देण्यासाठी. आणि मी वेळ घेतला.

आता ऐक. ट्रंक, बोट, वाळवी, सगळं खोटं, आणि ते खोटं तुला कळणार हे ठाऊक असूनही लिहिलं. पत्र फाईलमध्येच होतं, जिथे तू परत लावलं होतंस तिथेच. तू नीरजला सोडून संचिताला घेऊन माझ्याकडे आलीस, तिसऱ्या दिवशी मीच तुला म्हटलं, आत्मचरित्राचे कागद लावायचेत, बसतेस का जरा. तुझ्या हातात तुझंच पत्र पडलं. मी बाजारातून आले तर तू पोरीचे कपडे पिशवीत भरत होतीस. मी लोकांना सांगितलं, किरकोळ वाद झाला.

आत्ता पत्र माझ्यासमोर आहे. तू लिहिलंयस, "आई, नीरज मारतो. तुला वाटेल भांडणात हात उगारला असेल. भांडण होत नाही. तो मारतो तेव्हा आधी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो. मला पाचवा महिना आहे. एकटीने निघायचं धाडस होत नाही, तू आलीस तर तुझ्या मागोमाग बाहेर पडेन. मावशीला सांगू नकोस, लग्न तिने जमवलंय, ती खचून जाईल."

आणि समासात माझी हिरवी शाई. वरच्या बाजूला, "पाहिले. सध्या कृती नको. गि. २२/९/८८." आणि घड्याळाच्या वाक्यापाशी दोन उभ्या रेघा आणि तीन शब्द, "हे वापरता येईल."

मी हे कसं लिहिलं असेल असं तू हजारदा स्वतःला विचारलं असशील. मीही विचारते. खात्यात कागद हातात आला की त्यावर काहीतरी लिहिल्याशिवाय तो खाली ठेवायचा नाही, ही पहिल्या वर्षाची शिकवण. वाचलं, सही केली, तारीख घातली, शेरा मारला, की तो प्रश्न आपल्या टेबलावरून उठला. माझा हात तसाच चालायचा. किराणा मालाच्या यादीवरही मी आद्याक्षर टाकत असे, घरातला आचारी हसायचा. पण सवय होती म्हणून सगळं माफ, असं मी म्हणणार नाही. "सध्या" या शब्दाला कारण होतं. त्या महिन्यात माझं नाव राजदूतपदासाठी दिल्लीत चर्चेला होतं. बाईच्या घरी भानगड आहे, बाई सुट्ट्या घेते, एवढं कोणाच्या कानावर गेलं असतं तर नाव मागे पडलं असतं. मी सुट्टी मागितलीच नव्हती, संपदा. अर्ज लिहिलासुद्धा नाही. तुला जे उत्तर पाठवलं, धीर धर, बाळ झालं की माणसं बदलतात, ते मी दोन फायलींच्या मधल्या वेळात लिहिलं.

राजदूतपद मिळालं नाही. ते असो.

कथा मात्र मी जीव ओतून लिहिली. हे तुला सांगायला हवं. लिहिताना रडले. त्या बाईसाठी रडले, जिला मी कथेत सासर दिलं, वेगळं नाव दिलं, शेवटी जिना उतरून रस्त्यावर आणलं. कथेतली बाई सुटली. मला खरोखर वाटलं की मी तुझ्यासाठी काहीतरी केलं. त्या दिवसांत तू कुठे झोपत होतीस, मला माहीत नाही.

त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात मी समासावर कोऱ्या कागदाची पट्टी लावून दिली. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मॅडम, साइड में कुछ लिखा है, वो कट जाएगा." मी म्हटलं, "कटने दो."

गेल्या महिन्यात एकदा मी ते पत्र घेऊन गॅसपाशीही गेले होते. शेगडी पेटवली. जाळता आलं नाही. मायेने नव्हे, खोटं कशाला बोलू. कागद जाळायचा तर नियमाप्रमाणे आधी नोंद करावी लागते, असं काहीतरी मनात आलं आणि मी शेगडी बंद केली. आयुष्यभराच्या ज्या सवयीने तुझा घात केला, तिनेच पत्र वाचवलं.

मूळ पत्र, समासातल्या तारखेसकट, उद्या सकाळी पाठाऱ्यांना देते. पट्टी न लावता.

आई

भाईंदर, ८ जानेवारी १९९५

संपदा,

उद्या साक्ष आहे. पाठाऱ्यांनी दोन तास माझी तयारी करून घेतली. ते म्हणतात, विचारलं तेवढंच बोला. हा सल्ला मी पूर्वी तरुण अधिकाऱ्यांना द्यायची.

प्रकाशकांना पत्र टाकलं. आत्मचरित्राचं शेवटचं प्रूफ त्यांच्याकडे आहे. त्यात तुझ्यावर एक प्रकरण आहे, त्यात मी सुट्टी नाकारली गेल्याचं दुःख सहा पानं लिहिलंय. चांगली पानं आहेत. मी कळवलं की पुस्तक छापू नका. त्यांचा फोन शेजारच्या शहांकडे आला, म्हणाले, बाई, एक प्रकरण गाळू या, बाकीचं ठेवू. मी म्हटलं, बाकीचंही त्याच बाईने लिहिलंय.

मला भीती वाटतेय. तुला सांगायचा मला हक्क नाही, पण दुसऱ्या कोणाला सांगू? मनोरमेला सांगितलं तर ती "बरं" म्हणेल. भीती उलटतपासणीची नाही. तू समोर बसलेली असशील आणि शिरस्तेदार ते तीन शब्द मोठ्याने वाचतील, त्याची आहे. वाटतं, ताप यावा. लहान मुलीसारखं वाटतं, ताप यावा आणि जाणं टळावं.

पण जाईन. संचिता तुझ्याकडून गेली तर मला पुढे जगून काय करायचं आहे, मला कळत नाही.

आई

भाईंदर, १० जानेवारी १९९५

संपदा,

तू तिथे होतीस, तरीही लिहिते. तू सगळा वेळ खिडकीकडे पाहत होतीस, कदाचित ऐकलं नसशील.

नीरजच्या वकिलाने आधी माझी खूप स्तुती केली. बाई केवढ्या विद्वान, किती देश पाहिले, किती पुस्तकं. मी ओळखलं, खड्डा खणायला घेतलाय. मग पत्र पुढे केलं आणि म्हणाला, "हे हिरव्या शाईतलं तुम्ही मागच्या महिन्यात लिहिलंत. मुलीला वाचवायला. तारीख काय, कुठलीही घालता येते."

पाठारे चपापले. खरंच की, शाईला साल थोडंच असतं.

मग मी जे बोलले ते तयार केलेलं नव्हतं. "खोटं लिहायचं असतं तर मी स्वतःला इतकं वाईट लिहिलं नसतं," मी म्हटलं. "तीस वर्षं गोष्टी लिहितेय. मला चांगली आई लिहिता येते. आत्मचरित्रात लिहिलीय, मागवून बघा."

जज्जसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पत्र मागून घेतलं, समास वाचला, पुन्हा वाचला. कोर्टात कोणीतरी खोकलं. वकिलाने तिथेच थांबायला हवं होतं, पण त्याला राहवलं नाही. त्याला वाटलं, आई अशी आहे म्हटल्यावर लेकही तशीच ठरेल.

"बरं, खरं धरू. पोटुशी मुलगी लिहिते, मला मार पडतो. हे वाचून तुम्ही काय केलंत?"

"कथा लिहिली."

शिरस्तेदारांनी विचारलं, तसंच लिहू का. जज्जसाहेब म्हणाले, तसंच लिहा.

नीरजकडे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता आणि उजव्या हाताने डावं मनगट धरून होता. घड्याळ झाकत होता की काय कोण जाणे. मला वाटतं जज्जसाहेबांनीही पाहिलं, पण ते मला वाटलेलं आहे, त्याला पुरावा नाही.

बाहेर आल्यावर पाठारे म्हणाले, आता आशा आहे. मी जिन्यात बसले. उठताना मनोरमेने हात दिला. तेवढंच. तुझ्याकडून मी काही मागत नाही. गेले दोन महिने मी प्रत्येक पत्रात काही ना काही मागत होते, ते आज लक्षात आलं.

आई

भाईंदर, २१ एप्रिल १९९५

संपदा,

काल निकाल लागला. संचिता तुझी. बापाने रविवारी दोन तास येऊन भेटायचं, तेही मनोरमेच्या घरी. निकालात जज्जसाहेबांनी लिहिलंय की साक्षीदाराने स्वतःविरुद्ध दिलेला पुरावा विश्वसनीय वाटतो. पाठाऱ्यांनी मला ते वाक्य वाचून दाखवलं. आजवर माझ्याबद्दल लिहिलं गेलेलं हे सगळ्यात खरं वाक्य असेल.

हे पत्र मात्र निकालासाठी नाही. तू आत सही करायला गेलीस तेव्हाच्या दहा मिनिटांबद्दल आहे. मनोरमा निकालाच्या नकलेचा अर्ज द्यायला खालच्या मजल्यावर गेली होती, आणि पोरीला कुठे बसवावं म्हणून तू इकडे तिकडे पाहिलंस. व्हरांड्यात बाक एकच होता आणि त्यावर मी होते. तू तिला माझ्या शेजारी बसवलंस, मला काही बोलली नाहीस, तिला म्हणालीस, "इथून हलायचं नाही." त्या दहा मिनिटांत जे घडलं ते तुला माहीत असायला हवं. लपवून ठेवलं असं पुन्हा व्हायला नको.

ती मला ओळखत नव्हती. माझ्याकडे आली होतीस तेव्हा ती चार वर्षांची होती, तीन दिवस राहिली, कशाला लक्षात राहील. पाय हलवत बसली होती. सरूबाई म्हणाली ते खरं, नाक माझं आहे. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आजी, तुम्ही कोण?" म्हाताऱ्या बाईला मुलं आजी म्हणतातच, त्यात दुसरा अर्थ नव्हता.

माझ्यापाशी या प्रश्नाची किती उत्तरं होती, संपदा. अख्ख्या नोकरीत मी दुसरं काय केलं? हात पुढे करायचा आणि आपण कोण ते सांगायचं. काल तू आतून कधी येशील याकडे माझा कान होता, आणि तू मला आजी हे नाव परत दिलेलं नव्हतं. जे नाव आपल्याला मिळालेलं नाही ते पोरीसमोर वापरायचं नाही, एवढं मला कळलं.

मी म्हटलं, "मी साक्षीदार."

"म्हणजे काय?"

"म्हणजे, एखादी गोष्ट झाली तेव्हा ज्याला माहीत असतं, तो."

तिने विचार केला. हाताची दोन बोटं एकमेकांत अडकवून ती विचार करते, तुझ्यासारखी. मग म्हणाली, "बाबा आईला मारायचे ते?"

तिला माहीत आहे. मला वाटत होतं की लहान होती, तिला आठवत नसेल. मी हो म्हटलं.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" तिचा सूर रागाचा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "आमच्या वर्गात कोणी कोणाला मारलं ना, तर मी लगेच सांगते टीचरना. मला भीती वाटते तरी सांगते."

माझं तोंड हलत होतं बहुतेक, कारण तिने वाकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाणी देऊ का? माझ्या बाटलीत आहे." बाटलीचं झाकण उघडून तिने ती माझ्या हातात दिली. मी प्यायले. तेवढ्यात तू आलीस, बाटली माझ्या हातून घेतलीस, झाकण लावलंस आणि तिला घेऊन जिना उतरलीस. खालच्या वळणावर ती मागे वळून, माझ्याकडे पाहत तुला काहीतरी विचारत होती. तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नाही.

आई